अनुष्का जेवत नाही

मी दिल्लीला गेले होते ती नातीला घेऊन यायला. हवापालट म्हणून नाही, मुलाचा संसार बघायला नाही, आणि लाल किल्ला तर मी दोनदा पाहिलेला आहे. ठरलंच होतं तसं. माझ्या सुनेला, रेवतीला, मानेसरच्या एका कारखान्यात नोकरी लागली होती. मोटारींचे भाग बनवणारा कारखाना, तिथे ती तपासणी विभागात इंजिनियर. मयूर विहारहून कंपनीची बस सकाळी उजाडता उजाडता निघायची आणि परतायला दिवेलागण व्हायची. मानस, माझा मुलगा, नोएडात कॉम्प्युटरच्या कंपनीत. तो घरी कधी येईल हे त्याचं त्यालाही ठाऊक नसायचं. अडीच वर्षांच्या अनुष्काला सांभाळणारी बाई गावी गेली ती गेलीच. तेव्हा अनुष्काने शाळेच्या वयाची होईपर्यंत पुण्याला आमच्याकडे राहायचं आणि आईबापांनी सुट्टीत येऊन भेटायचं, असं आम्ही फोनवर ठरवलं. दिल्लीतल्या नोकरदार मराठी घरांतली कितीतरी मुलं तेव्हा अशी आजी-आजोबांकडे वाढत होती. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

आमचे हे, विश्वनाथराव, तर पेन्शनीत निघाल्यापासून पहिल्यांदाच इतके उत्साहात होते. पुढच्या खोलीला त्यांनी स्वतः उभं राहून पिवळा रंग लावून घेतला आणि सोसायटीत दिसेल त्याला ‘नात येतेय’ म्हणून सांगितलं. दूधवाल्यालासुद्धा. मलाही काही कमी आनंद नव्हता, खोटं कशाला बोलू? मानस घरातून गेल्यापासून आमच्या घरात मोठ्याने हसायला कुणी नव्हतं.

निजामुद्दीन स्टेशनवर मानसने माझी बॅग उचलली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, “आई, प्लॅनमध्ये एक छोटासा चेंज आहे.”

हा मुलगा लहानपणी काच फोडली की असाच माझ्याकडे न बघता बोलायचा.

“मराठी मंडळाच्या हॉलमध्ये पाळणाघर सुरू झालंय. रेवतीचं म्हणणं आहे, एक आठवडा ट्राय करू. अनुष्का रमली तर अच्छा, नाही तर रविवारी तू घेऊनच जातेयस.”

माझ्या नाकावर राग असतो असं सगळे म्हणतात. त्या दिवशी तो नाकावर मावेना. घरी पोचल्यावर बॅगही मी त्याला उचलू दिली नाही. रेवतीने दार उघडलं, वाकून नमस्कार केला, आणि म्हणाली, “अहो आई, रागावलात ना? मला माहीत होतं. पण एकदा बघू द्या मला. नाहीच जमलं तर मी तोंडातून शब्द काढणार नाही.” तिच्या कडेवर अनुष्का होती आणि माझी साडी ओढत होती. तेव्हा राग बाजूला ठेवावा लागला.

आता हे पाळणाघर म्हणजे तिघांचा संसार होता. हॉल मंडळाचा. शिकवणाऱ्या दीदी एका संस्थेच्या. ही संस्था दिल्लीभर इस्त्रीवाल्यांच्या, धुणंभांडीवाल्यांच्या मुलांसाठी बालवाड्या चालवायची. आणि खर्च रेवतीच्या कंपनीचा, कारण बाळंतपणानंतर तिथल्या मुली पटापट नोकरी सोडत होत्या आणि साहेबलोकांना एकदाची जाग आली होती. त्यामुळे निम्मी मुलं आपल्यासारख्या घरांतली, निम्मी वस्तीतली, अशी संस्थेची अट. मंडळातल्या काहींनी आधी नाकं मुरडली, मग फोटो पेपरात येईल म्हटल्यावर सरळ केली. तिघांचं एकमत फक्त दारावरच्या पाटीवर. मंडळाला पोरांना मेतकूटभात द्यायचा होता, संस्थेला दलिया, आणि कंपनीला कुणीतरी सांगितलं होतं की मुलांना केळी द्या. शेवटी खिचडीवर तह झाला. हॉलच्या एका टोकाला पडद्यामागे गणपतीचं मखर ठेवलेलं होतं आणि गणेशोत्सवात पोरं कुठे न्यायची, यावरून आत्तापासूनच चिठ्ठ्या जात होत्या. दुसऱ्या टोकाला कंपनीने दिलेली खेळणी. त्यात काय होतं, तर तपासणीत नापास झालेली मोटारीची स्टिअरिंगं, लाकडी बाकाला ठोकलेली. पोरं त्यांवर तुटून पडायची. अनुष्काही पहिल्याच दिवशी एका चाकामागे बसली आणि “मानेसर, मानेसर” ओरडत गाडी हाकायला लागली.

संस्थेचा नियम असा की पहिल्या आठवड्यात घरातलं एक माणूस मुलाला दिसेल असं हॉलमध्ये बसेल. नुसतं बसेल. बोलवायचं नाही, खेळवायचं नाही, मूल पडलं तर उठायचं नाही. हाताची घडी, तोंडावर बोट. आणि जेवणाच्या वेळी तर बाहेर व्हरांड्यात जाऊन बसायचं. रेवतीची नोकरी नवी, तिला रजा नाही. मानसचं तर नावच नको. राहिले मी. म्हणजे पाळणाघर जमू नये असं जिला मनापासून वाटत होतं, तिलाच त्यांनी ते जमवायला बसवलं. मी रेवतीला तसं तोंडावर बोलून दाखवलं. ती हसली, पण तिचं हसू काही पूर्ण झालं नाही.

तिथली मोठी दीदी बिमला. गढवालची, अंगाने बारीक, आवाजाने नाही. पहिल्याच दिवशी मी अनुष्काचा फ्रॉक नीट करायला उठले तर तिने दुरूनच सांगितलं, “माताजी, बैठिए.” मी बसले. मला बसा म्हणून सांगणारं माणूस आमच्या शाळेतल्या हेडबाईंनंतर हेच पहिलं.

अनुष्का रमली. हे मला कबूल करायला जड गेलं, पण रमली. तिथे शबनम नावाची एक मुलगी होती, कोपऱ्यावर इस्त्रीची गाडी लावणाऱ्या बाईची. दोघींची पहिल्याच दिवशी चाकावरून मारामारी झाली आणि दुसऱ्या दिवशी दोघी एकाच चाकावर. अनुष्का मधूनच मागे वळून माझ्याकडे बघायची, मी आहे एवढं पाहायची, आणि पुन्हा गाडी सुरू.

घोडं अडलं ते जेवणावर. अनुष्का जेवेना. बाकीची पोरं सतरंजीवर रांगेने बसून, हाताने, चमच्याने, जमेल तशी खिचडी खायची. ही ताटासमोर हात मांडीवर ठेवून बसायची आणि तोंड उघडायची. कुणी घास भरवेल म्हणून. कुणी भरवायचं नाही, कारण नियम. मग ती तोंड मिटायची. रडायची नाही, मागायची नाही. मी व्हरांड्यातल्या जाळीतून बघायचे आणि मला बिमलाच्या झिंज्या उपटाव्याशा वाटायच्या.

आमच्या घरात मूल भरवल्याशिवाय जेवत नाही. मानसला मी पहिलीत जाईपर्यंत भरवलंय आणि तो काही वाया गेला नाही. हा घास चिऊचा, हा घास काऊचा, हा बागेतल्या मोराचा. अनुष्कालाही सगळ्यांनी तसंच वाढवलं होतं. मी आले की मी, एरवी सांभाळणारी बाई, रात्री रेवती. मयूर विहारच्या त्या गॅलरीत चिमण्या कमी आणि कबुतरंच फार, म्हणून एक घास कबुतराचाही असायचा. मग मी काय केलं? सकाळी निघायच्या आधी तिला तूप-मेतकूट घालून मऊभात पोटभर भरवायला लागले. दुपारी घरी आणलं की पुन्हा भरवायचे. पोरीला उपाशी ठेवण्यासाठी कुणी आजी होत नाही.

बिमलाला वास आलाच. “माताजी, सुबह घर से खिला के लाती हो क्या?”

“बिल्कुल,” मी म्हटलं. “बच्चा है, भूखा रखूं?”

तिने कपाळावर हात मारला. “फिर यहां कैसे खाएगी? एक दिन भूख लगने दो ना.”

मी ऐकलं नाही. रेवतीने ऐकलं नसतं तर तिला मी हट्टी म्हटलं असतं, पण माझं मला ते प्रेम वाटत होतं. तसं ते होतंही. पण त्यात रविवारच्या गाडीचा थोडा विचार मिसळलेला होता आणि तो मला दिसत होता. दिसूनही मी दुसऱ्या दिवशी मऊभात कालवला.

रोज संध्याकाळी रेवती बसमधून उतरून जवळजवळ पळत यायची. चप्पल काढायच्या आधी विचारायची, “जेवली?” मी नकाराने मान हलवायचे. पाळणाघरातलं तिला जे कळायचं ते माझ्याच तोंडून. पहिल्या दिवशी ती “उद्या जेवेल” म्हणाली. मग नुसतं “बरं” म्हणाली. गुरुवारी तिने काही विचारलंच नाही, माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि स्वयंपाकघरात गेली. नळ चालू ठेवून ती बराच वेळ भांडी घासत होती. भांडी मी दुपारीच घासून ठेवली होती.

थोड्या वेळाने बाहेर येऊन म्हणाली, “आई, तुम्ही गेल्यावर ती दिवसभर तिथेच असणार. तिला उपाशी ठेवून मी नोकरी करू शकत नाही. उद्याही नाही जेवली तर रविवारी तिला घेऊन जा. नोकरी सोडली तर घराचा हप्ता एकट्या मानसला झेपणार नाही, नाही तर मीच घरी बसले असते.” आणि मग अगदी हळू, “मला विसरणार नाही ना ती?”

मी म्हटलं, “वेडी आहेस का?” पण अडीच वर्षांचं मूल काय विसरतं आणि काय नाही, हे मला तरी कुठे ठाऊक होतं. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण तो घशाखाली उतरेना.

शुक्रवारी पाळणाघरात पाहुणे येणार होते. कंपनीचे साहेब, संस्थेच्या बाई आणि मंडळाचे सेक्रेटरी हरीशराव, असे तिन्ही पक्ष पहिल्यांदाच एकत्र. सकाळपासून धावपळ. मुलांचे चेहरे पुसून झाले, चित्रं दोऱ्यावर टांगून झाली, पडद्यामागचं मखर कुणीतरी पुन्हा पुन्हा झाकत होतं. त्या गडबडीत आम्हालाही लौकर बोलावलेलं, त्यामुळे त्या दिवशी मऊभात राहून गेला. मुद्दाम नाही. वेळच मिळाला नाही, आणि रस्ताभर मी त्यावरून स्वतःला बोल लावत होते.

पाहुणे नेमके जेवणाच्या वेळी उगवले. खिचडी वाढून झाली होती. बिमलाला बाहेर चित्रं दाखवायला बोलावलं, मदतनीस मुलगी खुर्च्या आणायला पळाली. जाता जाता बिमलाने मला व्हरांड्यातून आत बोलावलं आणि म्हणाली, “माताजी, पांच मिनट. बस देखते रहना. सिर्फ देखना.”

मी बघत बसले. अनुष्का ताटाकडे बघत होती. मग तिने माझ्याकडे बघितलं. जाळीतून नाही, समोरासमोर. आणि तोंड उघडलं.

संपलं. कसला नियम आणि कसली संस्था. मी उठले, पदर खोचला, तिच्यासमोर सतरंजीवर फतकल मारून बसले आणि घास केला. “हा घास चिऊचा,” मी म्हटलं, आणि हात पुढे नेला.

शेजारून शबनमने तोंड पुढे केलं आणि घास खाल्ला.

आता काय करणार? लेकराच्या तोंडात गेलेला घास. मी दुसरा केला. “हा घास काऊचा.” तोवर पलीकडच्या पोराने आ वासलेला. मग त्याच्या पलीकडच्याने. ताटं तिथेच टाकून पोरं गुडघ्यांवर सरकत माझ्याभोवती जमली, आणि सगळी तोंडं उघडी. त्यांतल्या निम्म्यांना मराठीचा गंध नव्हता, पण घास कळत होता. मी माऊचा दिला, मोराचा दिला, हम्माचा दिला. माझे प्राणी संपले. मग पोरंच सांगायला लागली. एक म्हणाला, “बस का!” दुसरी म्हणाली, “मेरी मम्मी का!” मी बसचा घास दिला, मम्मीचाही दिला. मला हसू आवरेना. इतक्या वर्षांत इतकी तोंडं माझ्या हाताला लागली नव्हती.

आणि तेवढ्यात मला अनुष्काचा चेहरा दिसला. तिचे घास, तिच्या आजीच्या हातचे, भराभर दुसऱ्यांच्या तोंडात जात होते. ओठ थरथरत होता. आता ही भोकाड पसरणार आणि पाहुणे बघणार, असं वाटून मी घाईने तिच्याकडे वळले. तिने माझा हात झटकला. झटकलाच. मग स्वतःच्या ताटात मूठ घातली, खिचडीची ती मूठ उचलली, आणि शबनमच्या तोंडाशी नेऊन कडक आवाजात म्हणाली, “हा घास शबनमचा.”

शबनमने निमूट खाल्ला. अर्धा फ्रॉकवर सांडला.

मग अनुष्काने दुसरी मूठ भरली. इकडेतिकडे बघितलं. देण्यासारखं कुणी नव्हतं, सगळे माझ्याभोवती. तेव्हा तिने ती स्वतःच्या तोंडात घातली. चावली. गिळली. आणि पुन्हा ताटात हात घातला. मी घास हातात तसाच धरून बसून राहिले आणि ती जेवत राहिली. नाकाला शीत, भुवईला शीत. ताट संपवून तिने ते उचललं आणि चाटलं.

दारात सगळे उभे होते, कधीपासून कोण जाणे. कंपनीचे साहेब म्हणाले की समाजाचा सहभाग तो हाच. हरीशराव म्हणाले की मंडळाच्या ज्येष्ठ भगिनींचं मार्गदर्शन मुलांना लाभतंच. संस्थेच्या बाईंनी मुलं आपल्या हाताने कशी जेवतात याकडे सगळ्यांचं लक्ष वेधलं. तिघांनीही फोटो काढून घेतला. ते गेल्यावर बिमलाने मला चांगलंच धारेवर धरलं. नियम तोडला, आता उद्यापासून सगळी पोरं तोंड उघडून बसतील, काय करायचं मी? बोलताना तिचे डोळे भरलेले होते आणि माझ्या हाताला लागलेली खिचडी ती ओल्या फडक्याने पुसत होती.

दुपारी अनुष्का माझ्या मांडीवर झोपली. मी तिच्या पोटावरून हात फिरवत होते. टम्म पोट. आणि माझ्या डोक्यात नको तो विचार आला, की हे घरात कुणालाच माहीत नाही. रेवतीने विचारलं तर मी मान हलवायची, एवढंच करायचं होतं. तेवढ्याने ही मांडीवरची पोर पुण्याला माझ्या मांडीवर आली असती. पिवळ्या भिंतींच्या खोलीत झोपली असती. ह्यांना दुपारी कुणाशी तरी बोलायला मिळालं असतं. मी काही संत नाही. तो विचार मी लगेच झटकला वगैरे नाही. संध्याकाळपर्यंत तो माझ्याबरोबर घरात फिरत होता.

रेवती आली. काही न विचारता तिने हातपाय धुतले, पलंगावर छोटी बॅग उघडली आणि अनुष्काचे कपडे घडी करून ठेवायला लागली. माझ्याशी सरळ आवाजात बोलत होती. “हा स्वेटर वर ठेवते, गाडीत लागेल. हिला दूध बाटलीतून देऊ नका, सवय मोडलीय. रात्री उठली तर दिवा लावू नका, नुसता हात धरला की झोपते.” प्रत्येक फ्रॉक ती दोनदा घडी करत होती. अनुष्का खाली बसून एकेक मोजा बाहेर काढत होती.

मी तोंड उघडणार एवढ्यात फोन वाजला. एसटीडीची लांब घंटी, म्हणजे पुणे. मीच उचलला.

“काय गं,” हे म्हणाले, “रविवारी निघताय ना? सोमवारी किती वाजता येऊ स्टेशनावर? माझ्याबरोबर शेजारचे दोघे यायचं म्हणतायत तिला बघायला.”

माझ्या पाठीमागे रेवतीचे हात चालू होते. कपड्यांचा आवाज येत होता.

“अहो,” मी म्हटलं, “मी एकटीच येतेय. अनुष्का जेवली आज. आपल्या हाताने.”

कपड्यांचा आवाज थांबला. फोनमध्येही काही आवाज येईना. मला वाटलं लाइन तुटली. मी दोनदा “अहो, अहो” केलं.

“पोटभर?” त्यांनी विचारलं.

“पोटभर. ताट चाटलं.”

“बरं झालं,” ते म्हणाले. पुन्हा म्हणाले, “बरं झालं गं.” दुसऱ्या वेळी त्यांचा आवाज फुटला होता. मग घाईघाईने, “रेवतीला सांग, आनंद झाला म्हणून,” आणि ठेवून दिला.

मी वळले तर रेवती फ्रॉकमध्ये तोंड खुपसून उभी होती, खांदे हलत होते. मी तिला जवळ घेतलं. मीही रडले, सुनेसमोर, मोठ्याने, आणि मला त्याची जरासुद्धा लाज वाटली नाही. ती तिची लेक राहिली म्हणून रडत होती आणि मी माझी नात गेली म्हणून, पण आम्ही दोघींनी एकमेकींना इतकं घट्ट कधीच धरलं नव्हतं.